उताराला न्यूट्रल

आमच्या ऑटोमॅटिक गाडीला डीचा गिअर टाकला की ती आधी विचार करायची. ब्रेकवरून पाय काढला तरी हलायची नाही, आणि मग मनात येईल तेव्हा मागून कुणी ढकलल्यासारखी धाडकन पुढे जायची. माझं डोकं सीटवर आपटायचं. "अहो, हिला झालंय काय?" मी विचारलं की हे म्हणायचे, "गार आहे अजून, तापू दे." गाडी तापली की तोच धक्का दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये बसायचा, तेव्हा म्हणायचे, "तापलीय जरा." म्हणजे गार असो की गरम, गाडीची चूक म्हणून कधी नसेच. एवढं समजून तुम्ही मला कधी घेतलं नाहीत, असं मी त्यांना तोंडावर म्हणालेही होते.

हे म्हणजे माझा नवरा. नाव घ्यायची आम्हाला सवय नाही, आणि आता या वयात लावून घ्यायचीही नाही. निवृत्त होईपर्यंत हे एका कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर होते. सकाळी कामगारांना पुण्यातून घेऊन कात्रजचा घाट ओलांडून शिरवळला जायचं आणि संध्याकाळी परत आणून सोडायचं. त्या बसला यांच्या हातून साधा ओरखडा पडला नाही, आणि हे मी नव्हे, बसमधले लोक सांगत. घरी यांना चहा गाळता येत नाही, पण गाडी चालवण्यात यांच्यापुढे उभं राहील असा माणूस मी पाहिला नाही.

निवृत्तीनंतर मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. पाठ सुधारली, पण डावं पाऊल घोट्यापासून लुळं पडलं ते पडलंच. चालता येत होतं, चवडा थोडा घासायचा इतकंच. पण गाडीत डाव्या पायाचं काम एकच, क्लच, आणि तेवढंच त्या पायाला जमेना. घरातली छोटी गाडी मुलगी मांजरी गावात, आपल्या घरी घेऊन गेली.  तिनं गाडी गल्लीतून बाहेर काढली तेव्हा हे गॅलरीत उभे राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होते.

मग दिवसभर त्या गॅलरीतच बसायला लागले. शनिवार पेठेतली आमची गल्ली म्हणजे गाडी लावणाऱ्याची परीक्षाच. कुणी खाली खटपट करायला लागला की हे वरून सुरू करायचे, "उजवीकडे घ्या. अहो, उजवीकडे. आपलं उजवं कुठलं ते तरी ठरवा एकदा!" लोक वैतागायचे, मीही वैतागायचे. पण एक दिवस खाली एकानं गाडी चक्क उभ्या स्कूटरवर घातली, हे बघत होते, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. मान वळवून भिंतीकडे बघत बसले.  हा माणूस असाच बसून संपणार, असं मला वाटलं, आणि त्या रात्री मी मुलीला फोन करून सांगितलं की क्लच नसलेली गाडी बघ, कुठलीही बघ.

मिळाली ती गाडी म्हणजे हे धूड. जुनी, रुंद, उंच, चढताना मला स्टूल लागावं अशी. जुन्या मोठ्या ऑटोमॅटिकच्या वाटेला कुणी जात नाही, म्हणून आमच्या आवाक्यात आली. यांनी रीतसर आरटीओत जाऊन लायसन्सवर पायाची नोंद करून घेतली, आणि पहिल्याच दिवशी मला न सांगता एकटे मंडईला गेले. मंडईला, जिथे सायकल लावायला जागा मिळत नाही! परत आले ते कोथिंबिरीची एक जुडी घेऊन. "एका जुडीसाठी एवढी गाडी?" मी म्हणाले. "ताजी आहे बघ," म्हणाले, आणि हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले. मी जुडी घेऊन आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले.

पुढे दर रविवारी आम्ही बोपदेव घाटातून सासवडकडे जायला लागलो. काम काही नसे. मोसम असेल तसा मटार घ्यायचा, नाहीतर सीताफळं, नाहीतर अंजीर, एका टपरीवर चहा प्यायचा आणि परत यायचं. येताना घाट उतरावा लागतो. अवघड वळणं सरली की यांचा डावा हात गिअरवर जायचा आणि दांडा न्यूट्रलला. इंजिनाचा आवाज बसायचा, खिडकीतून वारा ऐकू यायचा, गाडी आपल्या वजनानं खाली उतरत राहायची. हे एरवी अबोल, पण त्या उतारावर बोलायचे. मला ती शांतता फार आवडायची.

ही सवय कारखान्यातली. ज्या ड्रायव्हरचं डिझेल सगळ्यांत कमी जळे त्याला खंडेनवमीला, गाड्यांची पूजा झाली की, साहेबांच्या हस्ते स्टीलचा डबा मिळे. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडायची आणि डिझेल वाचवायचं, ही यांची त्यातली खुबी. कात्रजचा बोगदा मागे पडला, वळणं सरली की यांची बस गुपचूप उतरायला लागे, आणि मागे कामगारांना झोप लागे. माझ्या स्वयंपाकघरातली डाळ, रवा, पोहे, सगळं त्या बक्षिसाच्या डब्यांत आहे. डब्यांवर यांचं नाव कोरलेलं आहे आणि आल्यागेल्याला मी ते दाखवतेसुद्धा. न्यूट्रल टाकण्यात काही वावगं आहे, हे त्यामुळे आमच्या दोघांच्या स्वप्नातही आलं नाही.

गाडीचे नखरे वाढले तसे हे फोनवरच्या एका ग्रुपात शिरले. याच जुन्या गाडीचे मालक, गावोगावचे, कधी एकमेकांना न भेटलेले. सकाळी उठल्यापासून तिथं रडगाणं सुरू. कुणाची गाडी रिव्हर्सला उशिरा लागते, कुणाची तापली की गिअर सोडते, कुणाची सिग्नलला थरथरते. बायका बाळंतपणाच्या गोष्टी सांगतात तसे हे पुरुष आपापल्या गिअरबॉक्सबद्दल सांगायचे. यांचा तिथं मोठा मान. अनुभवी माणूस, म्हणून सगळे "काका, तुमचं मत?" असं विचारत. एकदा कुणीतरी लिहिलं की उतारावर ऑटोमॅटिक कधी न्यूट्रल करू नये, आतून खलास होते. यांनी उत्तर दिलं, "आपण किती वर्षं गाडी चालवता?" तो बिचारा पुन्हा ग्रुपात बोलला नाही. यांनी ते मला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं हसलो.

मग एका रविवारी घाट चढताना, ऐन वळणावर, गाडीनं दम सोडला. इंजिन बोंबलत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. नुसती हलत नव्हती असं नाही, मागे घसरायला लागली. मागे ट्रक होता. यांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि मला म्हणाले, "उतर आणि चाकाखाली दगड लाव." इतक्या शांतपणे म्हणाले की मीही मुकाट उतरले. साडी सावरत मी दगड शोधत होते, ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, मोटारसायकलवाले वळून बघत होते. "बघताय काय, हात लावा की!" मी ओरडले, तेव्हा दोघं थांबले. दगड लागले. आत हे स्टिअरिंग धरून बसले होते आणि घामानं शर्ट भिजला होता. इतक्या वर्षांत घाटात यांची गाडी कधी मागे आली नव्हती. मी दार उघडलं तर म्हणाले, "मागे आली गं." तेवढंच म्हणाले.

गाडी क्रेनवर घालून नाना पेठेतल्या एका गॅरेजात नेली. मिस्त्री भारी बोलका. "काका, टेन्शन घेऊ नका, चार दिवसांत नवी करून देतो," म्हणाला, आणि चार दिवसांनी गाडी खोललीसुद्धा नव्हती. खोलली तेव्हा आम्हाला बोलावून घेतलं. ट्रेमध्ये काळं तेल होतं आणि त्याला जळका वास येत होता. आतल्या चकत्या त्यानं हातात दिल्या, पार गुळगुळीत झालेल्या. बोलता बोलता त्यानं सहज विचारलं, "उतारावर न्यूट्रल वगैरे करता का हो तुम्ही?"

"छे," हे म्हणाले. "कधीच नाही."

मी शेजारी उभी होते. मिस्त्री माझ्याकडे बघतही नव्हता, त्याला काही संशय नव्हता. तो पुढे सांगत राहिला, की काही लोक करतात, मग इंजिन निवांत आणि चाकं जोरात, मधल्या चकत्यांना तेल पुरत नाही, त्यात एकदम डी टाकला की त्या घासून जातात. "पण त्यानंच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही," तो म्हणाला. "गाडीपण म्हातारी आहे." हे त्या चकत्या हातात फिरवत होते. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. परक्या माणसापुढे मी यांना कधी खोटं पाडलेलं नाही. 

रिक्षात मात्र मला राहवलं नाही. "तुम्ही खोटं का बोललात?"

"कोण खोटं बोललं?"

"अहो, दर रविवारी मी शेजारी बसलेली असते. मी काय पिशवी आहे का मटाराची?"

रिक्षावाला आरशातून बघायला लागला. हे खालच्या आवाजात म्हणाले, "तू मला गाडी चालवायला शिकवणार?"  घराचा जिना चढताना, एकेका पायरीवर डावा पाय उचलून ठेवताना, मला न बघता म्हणाले, "याच्यासाठी मला बक्षीस मिळत होतं." मी म्हणाले, "ती बस होती." मी बरोबरच बोलले होते. पण त्यांचा चेहरा बघून मला ते वाक्य परत गिळावंसं वाटलं.

मिस्त्रीनं सांगितलं होतं की हा गिअरबॉक्स दुरुस्त होण्यातला नाही. दुसरा जुना मिळाला तर मिळाला, नाहीतर गाडी भंगारात. मुलगी म्हणाली, "बाबा, सोडा आता. कॅब आहेत, मी आहे." तिचं चुकीचं नव्हतं. पण कॅबमध्ये मागच्या सीटवर बसलेला हा माणूस मी पाहिला आहे. पूर्ण वेळ उजव्या पायानं फूटमॅटवर ब्रेक दाबत असतो. आता ते पुन्हा गॅलरीत बसायला लागले होते, आणि खाली कुणी कशीही गाडी लावली तरी त्यांना दिसत नव्हती. मला रोज भीती वाटे. देवापुढे दिवा लावताना मी गिअरबॉक्स मागत होते. हसायचं तर हसा.

असेच बरेच दिवस गेले. एका दुपारी मी शेंगा निवडत होते, तर हे फोन घेऊन जवळ येऊन बसले. "बघ गं, शुद्धलेखन बरोबर आहे का?" ग्रुपात टाकायचा मजकूर होता. लिहिलं होतं, "माझ्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. बहुधा माझ्यामुळे गेला. उतारावर न्यूट्रल करायची मला बसपासूनची सवय आहे. ज्यांनी मागे इथे सावध केलं होतं त्यांना मी वेडंवाकडं बोललो, त्यांची माफी मागतो. कुणी करत असाल तर करू नका. हा पाय असा झाल्यावर मला चालवता येईल अशी ही एकच गाडी होती." मी दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीवर मला अक्षर दिसेना. मी म्हणाले, "बरोबर आहे सगळं." त्यांनी पाठवलं, लगेच मिस्त्रीला फोन लावला आणि म्हणाले, "त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो." मिस्त्री म्हणाला, "बरं केलंत सांगितलंत काका, पण आता काय, बॉक्स तर गेलाच." हे म्हणाले, "हो, गेलाच." फोन ठेवून शेंगा निवडायला बसले. मिठाच्या डब्यालाही हात न लावणारा माणूस, शेंगा निवडत बसला.

बॉक्स मिळाला तो पावसाळा सरल्यावर. कुठल्याशा अपघातात चुराडा झालेल्या तसल्याच गाडीतला. मिस्त्रीनं बसवून दिला आणि किल्ली देताना म्हणाला, "काका, हा शेवटचा. हा गेला तर मी पुन्हा शोधणार नाही, आणि शोधला तरी मिळणार नाही." हे म्हणाले, "आता चूक होणार नाही." अगदी शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

पुढच्याच रविवारी आम्ही निघालो. डी टाकला आणि गाडी चालायला लागली, विचारबिचार काही नाही. घाटात ते वळण आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. गाडी चढून वर आली. यांनी शिट्टी वाजवली, जी मी मुलीच्या लहानपणानंतर ऐकली नव्हती. सासवडच्या रस्त्याला सीताफळं घेतली, चहा घेतला आणि परत फिरलो. उतार सुरू झाला, खाली शहर दिसायला लागलं. हे सांगत होते की सीताफळवाला लबाड आहे, वर मोठी ठेवतो आणि खाली गोट्या भरतो. असं बोलता बोलता त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि गिअरच्या दांड्यावर गेला.

मी तो तिथंच पकडला.

"काय झालं?" ते म्हणाले.

"हात बघा."

त्यांनी हाताकडे बघितलं. दांडा मुठीत होता, ढकलायचा तेवढा बाकी होता. गाडी कडेला घेऊन थांबवली.  मग म्हणाले, "मला कळलंसुद्धा नाही गं. शपथ. मी सीताफळांचं बोलत होतो."

"चालतं. पहिलाच दिवस आहे."

दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवून त्यांनी पुन्हा गाडी काढली. चेहरा असा की परीक्षेला बसलेत. एक वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणानंतर रस्ता सरळ झाला आणि हात पुन्हा निघाला. या वेळी त्यांनी स्वतःच बघितला, अर्ध्या वाटेत. पुन्हा गाडी कडेला घेतली, बंद केली आणि किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"विकून टाक," म्हणाले. "हा हात माझं ऐकत नाही. पाय ऐकत नाही, आता हातही नाही."

"गप्प बसा," मी म्हणाले. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. "मी बसते ना शेजारी. उतार आला की हात धरीन. झालं."

"आणि तू नसशील तेव्हा?"

असं त्यांनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. सासऱ्यांच्या वेळी, सासूबाईंच्या वेळी, यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा नाही. माझ्या जिभेवर नेहमी उत्तर तयार असतं, सगळी पेठ जाणते. मी म्हणाले, "मी नसेन तेव्हा कुठं उंडारायला जायचंय तुम्हाला?"  त्यांनी माझ्याकडे बघितलं. शेजारून एक टेम्पो आवाज करत वर चढून गेला.

बऱ्याच वेळानं त्यांनी किल्ली उचलली. गाडी सुरू केली, डी टाकला, आणि डावा हात उताणा करून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. लग्न झाल्यापासून यांनी रस्त्यात माझा हात धरलेला नाही. लक्ष्मी रोडच्या गर्दीतसुद्धा चार पावलं पुढे चालायचे. मी पदरानं डोळे पुसले आणि हात धरला. उजव्या हातानं स्टिअरिंग सांभाळत ते हळूहळू उतरायला लागले. मध्येच माझ्या मुठीत त्यांची बोटं हलली, दांड्याकडे ओढ घेतली. मी आवळून धरलं. पुन्हा ओढ घेतली, पुन्हा धरलं. आम्ही दोघंही समोर बघत होतो.

घाट संपला, घरं लागली, रस्ता सपाट झाला.

"आता सोड," हे म्हणाले.

"सोडते," मी म्हणाले, आणि सोडला नाही.